किड की नॅश: पॉइंट गार्डचा भाव कसा ठरतो

२००१ च्या उन्हाळ्यात बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधल्या फीनिक्स सन्स आणि न्यू जर्सी नेट्स या दोन संघांनी आपापले पॉइंट गार्ड एकमेकांना देऊन टाकले. सोबत दोन-तीन किरकोळ नावं होती, पण खरा सौदा दोघांचाच. फीनिक्सचा जेसन किड न्यू जर्सीला गेला आणि न्यू जर्सीचा स्टीफन मार्बरी फीनिक्सला. नुसते गुण मोजणाऱ्याला हा व्यवहार न्यू जर्सीला बुडवणार असंच वाटलं असतं. मार्बरी आदल्या हंगामात सामन्यामागे जवळपास २४ गुण काढत होता आणि वयानं किडपेक्षा चार वर्षांनी लहान होता. किडनं नव्या संघाकडून पहिल्या हंगामात सरासरी काढली १४.७ गुणांची, तीही शंभरातले साठ नेम चुकवून.

झालं काय? आदल्या वर्षी ८२ पैकी २६ सामने जिंकलेल्या नेट्सनी ५२ जिंकले आणि थेट अंतिम फेरी गाठली. फीनिक्स ५१ वरून ३६ वर घसरलं. नऊ गुण कमी करणारा माणूस घ्यायचा आणि सामने मात्र दुप्पट जिंकायचे, हा हिशोब कोणत्या वहीत बसतो?

पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू आपल्या अर्ध्यातून पलीकडे नेणारा आणि हल्ला कसा करायचा ते ठरवणारा खेळाडू. एनबीएमध्ये चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. त्या सेकंदांचा कारभार बहुतांशी याच्याकडे. म्हणूनच दोन पॉइंट गार्डची तुलना करणं दोन सेंटरच्या तुलनेपेक्षा अवघड जातं, कारण त्याच्या कामाचा मोठा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. क्रिकेटमध्ये एका टोकानं धावा दाबून धरणारा गोलंदाज असतो आणि विकेट समोरच्या टोकाकडून गोलंदाजी करणाऱ्याला मिळते, तसंच काहीसं.

किडची तुलना खरं तर मार्बरीशी करण्यात अर्थ नाही, ती न्यू जर्सीनंच एका वर्षात निकालात काढली. तोलामोलाचा माणूस म्हणजे स्टीव्ह नॅश. वयात एका वर्षाचाही फरक नाही: किडचा जन्म मार्च १९७३ मधला, सॅन फ्रान्सिस्कोचा, नॅशचा फेब्रुवारी १९७४ मधला, जोहान्सबर्गचा, पण वाढला कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात. दोघं एकाच संघात दीड हंगाम एकत्र खेळले. दोघांनी पाच-पाच वेळा लीगमध्ये सर्वाधिक सरासरी असिस्ट, म्हणजे थेट गुणांत उतरणारे पास, दिले. २०१८ मध्ये दोघांना एकाच संध्याकाळी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. आणि दोघांचीही कारकीर्द डॅलस व फीनिक्स या दोन गावांत इतकी गुंतलेली आहे की एकाचा भाव सांगताना दुसऱ्याचा हिशोब मध्ये येतोच.

तो गुंता जरा सोडवून पाहू. १९९४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, डॅलस मॅव्हरिक्सनी किडला दुसऱ्या क्रमांकावर उचललं. पहिल्याच वर्षी तो ग्रँट हिलसोबत विभागून सर्वोत्तम नवोदित ठरला, पण संघ आतून फुटलेला होता आणि डिसेंबर १९९६ मध्ये डॅलसनं त्याला फीनिक्सला दिलं. त्याच वर्षी फीनिक्सनं ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर सांता क्लारा विद्यापीठाचा नॅश निवडला होता. हे नाव ऐकून फीनिक्सच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. नॅशच्या पुढे आधी केव्हिन जॉन्सन आणि मग किड, त्यामुळे त्याला बहुतेक वेळ बाकावरच काढावा लागला. १९९८ मध्ये फीनिक्सनं त्याला डॅलसला पाठवलं. मोबदल्यात आलेल्या गोष्टींत पहिल्या फेरीतला एक ड्राफ्ट पिक होता. त्या पिकवर १९९९ मध्ये फीनिक्सनं शॉन मॅरियनला घेतलं.

पुढे किड न्यू जर्सीला गेला. त्यामागे निव्वळ बास्केटबॉल नव्हता. जानेवारी २००१ मध्ये पत्नीला मारहाण केल्याच्या प्रकरणात त्याला अटक झाली होती, आणि काही महिन्यांतच फीनिक्सनं त्याच्यासाठी दार उघडलं. त्याच्या बदल्यात आलेला मार्बरी फीनिक्सनं जानेवारी २००४ मध्ये न्यूयॉर्कला दिला, मुख्यतः पगाराचं ओझं उतरवायला. एनबीएत संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, त्यामुळे मोकळी जागा ही स्वतःच एक मालमत्ता. या मोकळ्या जागेतून त्याच उन्हाळ्यात फीनिक्सनं कोणाला आणलं? डॅलसच्या स्टीव्ह नॅशला. म्हणजे किड दिला, मार्बरी आला. मार्बरी गेला, जागा झाली. जागेत नॅश आला. किडला विकून नॅश विकत घ्यायला फीनिक्सला तीन वर्षं लागली.

डॅलसला नॅश का नको होता? तसं म्हणणं अन्यायाचं आहे. हवा होता, पण सहा वर्षांसाठी नाही. नॅश तिशीचा झाला होता. त्याच्या पाठीचा एक मणका जागचा सरकलेला, आणि हे लपून राहण्यासारखंही नव्हतं. बदली खेळाडू मैदानात असताना नॅश खुर्चीवर न बसता मैदानाच्या कडेला जमिनीवर चक्क पाठ टेकून आडवा पडलेला दिसायचा, कारण बसलं की पाठ आखडायची. फीनिक्सनं त्याला सहा वर्षांचा, सहा कोटी डॉलरच्या वरचा करार देऊ केला. डॅलसचे मालक मार्क क्यूबन तेवढी वर्षं बांधून घ्यायला तयार झाले नाहीत. गंमत म्हणजे आकड्यांवर भरवसा ठेवणाऱ्या मालकांत क्यूबन तेव्हा सर्वांच्या पुढे होते. इंडियाना विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक वेन विन्स्टन आणि त्यांचे सहकारी जेफ सॅगारिन डॅलससाठी खेळाडूंचं मोल काढून देत असत. तरी हा निर्णय अडला तो वय आणि पाठीवर.

फीनिक्स २००३-०४ मध्ये २९ सामने जिंकलं होतं. नॅश आल्यावर २००४-०५ मध्ये ६२. तेहतीस सामन्यांची उडी. नॅशला त्या वर्षीचा सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा, म्हणजे एमव्हीपीचा मान मिळाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. किडला तो मान कधीच मिळाला नाही. २००२ मध्ये टिम डंकननं त्याला मागे टाकलं.

इथे थांबलं तर उत्तर सोपं आहे: २६ ची उडी विरुद्ध ३३ ची, नॅश जिंकला. पण अशा वजाबाकीत काय काय मिसळलेलं असतं ते बघायला हवं. नेट्समध्ये किड आला त्याच वर्षी आदला अख्खा हंगाम दुखापतीनं घरी बसलेला केरी किटल्स परतला, सेंटरच्या जागी टॉड मॅककलक आला, ड्राफ्टमधून रिचर्ड जेफरसन आला आणि केन्यन मार्टिन दुसऱ्या वर्षात जरा मुरला. फीनिक्सकडेही तसंच. अमारे स्टॉडमायर २००३-०४ मध्ये सत्तावीस सामने खेळलाच नव्हता, तो पुढच्या वर्षी धडधाकट होता. क्वेंटिन रिचर्डसन नव्यानं आला होता. शिवाय लीगनं त्या हंगामापासून चेंडूवाल्याला हातानं अडवणाऱ्या बचावपटूंवर कडक नजर ठेवायचं ठरवलं, आणि नॅशसारख्या किरकोळ अंगाच्या, चपळ गार्डला याहून चांगली भेट कोणती?

तिसरी गोष्ट या सगळ्यांहून महत्त्वाची आहे आणि तीच बहुधा विसरली जाते. वजाबाकीत खालची ओळ कोणती? नेट्सची उडी म्हणजे किड वजा मार्बरी. मार्बरी कसाही असला तरी तो त्या वर्षीचा ऑल-स्टार होता. फीनिक्सची उडी म्हणजे नॅश वजा जवळजवळ कोणीच नाही. मार्बरी गेल्यावर चेंडू नवख्या लिआंद्रो बार्बोसाच्या आणि उतारवयाच्या हॉवर्ड आयझलीच्या हातात होता. खालची ओळ लहान असली की बाकी मोठी येते. खेळाडूचं मोल म्हणजे तो आणि त्याच्या जागी जो खेळला असता तो, यांतला फरक. पण तो दुसरा माणूस प्रत्येक संघात वेगळा.

त्याच उन्हाळ्यातला डॅलसचा आकडा पाहिला की हे नीट कळतं. पुढे दोनदा एमव्हीपी होणारा माणूस गमावून डॅलस ५२ वरून ५८ वर गेलं. वाचलेल्या पैशातून आणि अदलाबदलीतून त्यांनी सेंटर एरिक डॅम्पियर, गार्ड जेसन टेरी, जेरी स्टॅकहाउस असे लोक जमवले. आक्रमणाला डर्क नोविट्झ्की होताच; कमी होती बचावाची, आणि ती थोडीफार भरून निघाली. नॅशचं डॅलसला असलेलं मोल आणि फीनिक्सला असलेलं मोल यांत कोट्यवधी डॉलरचं अंतर होतं, आणि दोन्ही संघ आपापल्या जागी फारसे चुकले नव्हते.

तरीही नॅशच्या बाजूचा एक पुरावा असा आहे की तो सहजी उडवता येत नाही. २००३-०४ मध्ये फीनिक्सचा प्रशिक्षक मध्येच बदलला. माइक डँटोनींनी सूत्रं हाती घेतली आणि त्यांच्या हाताखाली संघ २१ जिंकला, ४० हरला. पुढच्या वर्षी तेच डँटोनी, तोच मॅरियन, तोच जो जॉन्सन. नॅश खेळला त्या ७५ सामन्यांत ६० विजय. तो दुखापतीनं बाहेर होता त्या सात सामन्यांत दोन विजय, पाच पराभव. सात सामने हा नमुना तोकडाच, त्यावर घर बांधू नये. पण २००५-०६ बघा. जो जॉन्सन अटलांटाला गेला, रिचर्डसनही गेला, स्टॉडमायर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जेमतेम तीन सामने खेळला. पाचांपैकी तीन खांब काढून घेतल्यावर छप्पर बसायला हवं होतं. फीनिक्स ५४ सामने जिंकलं आणि पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गेलं.

आता हे दोघं मैदानात नेमकं करायचे काय, ते जवळून पाहू.

किडची खासियत रिबाउंडपासून सुरू होते. प्रतिस्पर्ध्याचा नेम चुकला की चेंडू साधारणपणे उंच खेळाडू पकडतो, मान वळवून गार्ड शोधतो, पास देतो, मग गार्ड निघतो. यात एक-दोन सेकंद जातात, आणि तेवढ्यात समोरचा संघ मागे धावून आपली रांग लावतो. सहा फूट चार इंचांचा, खांद्यानं दणकट किड तो रिबाउंड स्वतःच घ्यायचा. कारकिर्दीत सामन्यामागे ६.३ रिबाउंड, गार्डसाठी हा आकडा अचाट. चेंडू हातात पडताच त्याचं तोंड पुढच्या बास्केटकडे असे आणि दोन-तीन ड्रिबलमध्ये तो मध्यरेषा ओलांडे. उजवीकडून जेफरसन, डावीकडून मार्टिन सुसाट सुटलेले. ते जीव तोडून धावत कारण चेंडू येणार याची खात्री होती. इतर संघांतले उंच खेळाडू तेवढं धावत नाहीत, कारण धावून हाती काही लागत नाही. ही धावण्याची इच्छा कुठल्याच स्कोअरशीटमध्ये नोंदली जात नाही. २००२ च्या पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत बोस्टनविरुद्धच्या सहा सामन्यांत किडची सरासरी गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी होती. २००७ मध्ये चौतिसाव्या वर्षी प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, बारा सामन्यांत त्यानं तेच पुन्हा केलं. पण तोच किड सेट हल्ल्यात, म्हणजे बचाव जागेवर उभा असताना, बराच साधा वाटायचा. दुरून फेकायला लागला की बचावपटू चार पावलं मागे सरकून त्याला खुशाल फेकू देत.

नॅशचं उलट. रिबाउंडशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. त्याचा खेळ पिक अँड रोलचा. स्टॉडमायर येऊन नॅशच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, नॅश त्याला खेटून पलीकडे निघतो, स्टॉडमायर वळून बास्केटकडे धावतो. इथपर्यंत कोणीही करतं. नॅश पुढे जे करायचा ते असं: बचावपटू मागून पुढे येऊ नये म्हणून त्याला आपल्या पाठीवरच अडकवून ठेवायचा आणि वेग कमी करायचा. घाई नाही. समोर एकटा पडलेला उंच बचावपटू. तो नॅशकडे सरकला तर चेंडू वरून स्टॉडमायरच्या हातात. तो मागेच थांबला तर नॅश पंधरा फुटांवरून स्वतः फेकणार, आणि हा मनुष्य कारकिर्दीत शंभरातले ४९ नेम साधणारा, थ्री पॉइंटरमधले जवळपास ४३ आणि फ्री थ्रोमधले ९० हून अधिक. कोपऱ्यातला तिसरा बचावपटू मदतीला धावला तर चेंडू त्यानं सोडलेल्या माणसाकडे. काहीच जमलं नाही तर नॅश चेंडू आपटत बास्केटखालून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर निघायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा. साधारण गार्ड तिथे चेंडू धरून अडकतो.

याचा परिणाम दुसऱ्यांच्या आकड्यांत दिसतो. स्टॉडमायरची सरासरी नॅश येण्याआधी २०.६ होती आणि त्याचे शंभरातले ४७.५ नेम लागत. नॅशसोबतच्या पहिल्या वर्षी २६ आणि ५५.९. जो जॉन्सन थ्री पॉइंटरमध्ये आदल्या वर्षी ३०.५ टक्क्यांवर होता, नॅशसोबत ४७.८. एका वर्षात कोणाचा हात एवढा सुधारत नाही. सुधारतो तो मिळणारा चेंडू. मोकळ्यावर, छातीच्या उंचीला, पाय जागेवर असताना. असिस्टच्या रकान्यात हा पास आणि एखाद्या गडबडीतला साधा पास दोन्ही एकच मोजले जातात. त्यात असिस्ट ठरवतो मैदानावरचा नोंदी ठेवणारा, आणि घरच्या संघाबाबत त्याचा हात अनेकदा सैल सुटतो.

मग आकडेशास्त्री काय म्हणतात? ते एका सुरात बोलत नाहीत. जॉन हॉलिंजर यांचा पीईआर हा निर्देशांक स्कोअरशीटमधल्या सगळ्या नोंदी मिनिटांच्या प्रमाणात एकत्र करतो. त्यात सरासरी खेळाडू १५ वर धरलेला असतो. कारकिर्दीचा पीईआर नॅशचा सुमारे २०, किडचा सुमारे १८. याउलट विन शेअर्स ही पद्धत संघाचे विजय खेळाडूंत वाटून देते. तिच्यात किडच्या नावावर सुमारे १३८ विजय आणि नॅशच्या नावावर सुमारे १३०. माहिती तीच, सूत्रं दोन, उत्तरं दोन. कारण दडलेलं नाही. पहिली पद्धत मिनिटाला किती ते विचारते आणि बचावाकडे जवळपास पाठ फिरवते. दुसरी एकूण किती ते विचारते, आणि किड नॅशपेक्षा १७४ सामने जास्त खेळला. भाव विचारताना दर किलोचा विचारला की गोणीचा, यावर भांडण ठरतं.

तिसरी वाट प्लस-मायनसची. खेळाडू मैदानात असताना आपला संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला एवढंच मोजायचं. मग सोबतचे नऊ जण कोण होते हे गणितानं वजा करायचं. विन्स्टन आणि सॅगारिन डॅलससाठी हेच करत. कल्पना देखणी आहे, कारण तिला असिस्ट लागत नाही, रिबाउंड लागत नाही, धावण्याची इच्छाही तिच्यात आपोआप मोजली जाते. अडचण एकच. काही खेळाडू कायम एकत्रच मैदानात असतात, आणि त्यांचं श्रेय एकमेकांपासून सोडवणं कठीण होऊन बसतं. एका हंगामाच्या आकड्यांवर विसंबलं तर भलतीच नावं वर येतात.

बचावाचा विषय मात्र टाळता येत नाही, कारण नॅशच्या विरोधकांचं सगळं बळ तिथेच आहे. किड नऊ वेळा लीगच्या सर्वोत्तम बचाव संघांत निवडला गेला. तो शूटिंग गार्डला अडवू शकायचा, वेळ पडली तर फॉरवर्डलाही. त्याच्या अंतिम फेरी गाठणाऱ्या नेट्सचं आक्रमण मध्यम होतं. ते जिंकत बचावावर. नॅशला मात्र लपवावं लागे. समोरच्या संघाचा जो सर्वांत निरुपद्रवी गार्ड, त्याच्यावर नॅश, आणि धोकादायक माणसावर राजा बेल किंवा मॅरियन. सॅन अँटोनियो स्पर्स हे ओळखून होते. टोनी पार्करला पुढे करून त्यांनी २००५, २००७ आणि २००८ मध्ये फीनिक्सला प्लेऑफमधून घरी पाठवलं. नॅश अंतिम फेरीत एकदाही खेळला नाही. किड तीनदा खेळला.

तरी बचावातला दोष तोलताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बास्केटबॉलमध्ये संघाचा बचाव उभा राहतो तो मुख्यतः बास्केटजवळच्या उंच माणसांवर. पॉइंट गार्ड कितीही चांगला असला तरी पिक अँड रोलमध्ये तो एका अडथळ्यानं बाजूला पडतो आणि पुढचं काम मागच्याच्या हाती. आक्रमणात मात्र प्रत्येक चेंडू आधी पॉइंट गार्डच्या हातात येतो. म्हणून गार्डची चांगली बाजू आक्रमणात असली तर तिचं वजन जास्त पडतं. २००२ ते २०१० या काळात नॅश ज्या संघात होता, आधी डॅलस आणि मग फीनिक्स, तो संघ आक्रमणाच्या कार्यक्षमतेत दरवर्षी वरच्या एक-दोन क्रमांकांतच राहिला. सहकारी बदलले, प्रशिक्षक बदलले, गाव बदललं. अशी सलगता किडच्या संघांच्या बचावात सापडत नाही; मार्टिन गेल्यावर नेट्स पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले नाहीत.

म्हणून माझं मत नॅशकडे झुकतं, निदान २००५ ते २००७ च्या नॅशकडे. रिकामा संघ असेल, पैसे असतील आणि एकच माणूस घ्यायचा असेल तर तो. मे २००५ मधल्या डॅलसविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेच्या सहाव्या सामन्यात नियमित वेळ संपायला सहा सेकंदही उरले नव्हते, फीनिक्स तीन गुणांनी मागे होतं, आणि थ्री पॉइंटरशिवाय दुसरा इलाज नव्हता हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी जेसन टेरी दोन पावलं मागे सरकला, नॅश आत घुसेल या धास्तीनं. नॅशनं तिथूनच फेकला, बरोबरी केली, आणि जादा वेळेत फीनिक्सनं मालिका खिशात घातली. त्या सामन्यात ३९ गुण, १२ असिस्ट. टेरीवर भर मैदानात नोविट्झ्की ओरडला ते समजण्यासारखं आहे, पण टेरीची चूक मला कधी फार मोठी वाटली नाही. ज्या माणसाचा पास आणि नेम दोन्ही सारखेच जीवघेणे, त्याच्यापुढे मागे हटायचं की पुढे जायचं याचं बरोबर उत्तर नसतंच. किडसमोर ते उत्तर वर्षानुवर्षं होतं: मागे हट.

या मतावर सगळ्यात जोरदार आक्षेप किडनंच घेतला, तोही उशिरा. फेब्रुवारी २००८ मध्ये डॅलसनं त्याला परत आणलं. किड पस्तिशीला टेकलेला, आणि त्याच्यासाठी तरुण डेव्हिन हॅरिस, आणखी काही खेळाडू आणि पहिल्या फेरीतले दोन पिक मोजले. चार वर्षांपूर्वी तिशीतल्या नॅशला सहा वर्षं द्यायला हाच संघ कचरला होता. हॅरिस वर्षभरात ऑल-स्टार झाला आणि डॅलस फसलं असंच बहुतेकांनी म्हटलं. पण नवशिकेपणी २७ टक्क्यांनी थ्री पॉइंटर फेकणारा किड तोवर शिकला होता. २००९-१० मध्ये त्याचे शंभरातले ४२ हून अधिक लागले. बचावपटूंना आता मागे हटता येईना.

२०१०-११ मध्ये अडतिसाव्या वर्षाला टेकलेला किड सामन्यामागे ७.९ गुण काढत होता, म्हणजे कारकिर्दीतल्या नीचांकाच्या आसपास. त्याच हंगामात सदतिसाव्या वर्षी नॅश ११.४ असिस्टसह लीगमध्ये पहिला आला, आणि फीनिक्स ४० जिंकून ४२ हरून प्लेऑफबाहेर राहिलं. प्लेऑफमध्ये डॅलस ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या चौथ्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं उरली असताना पंधरा गुणांनी मागे होतं. सामना जादा वेळेत गेला, आणि चाळीस सेकंद उरलेले असताना आघाडी मिळवून देणारा थ्री पॉइंटर किडनं टाकला. पुढे मायामीला हरवून डॅलसनं पहिलं विजेतेपद घेतलं. त्या अंतिम मालिकेत लेब्रॉन जेम्सला अडवायची मुख्य जबाबदारी होती तोवर डॅलसमध्ये आलेल्या शॉन मॅरियनवर.

संघात नोविट्झ्की आहे, मागे टायसन चँडलरसारखा सेंटर आहे, कोपऱ्यात मॅरियन आहे आणि हवाय फक्त चेंडू न घालवणारा, कोणालाही अडवू शकणारा, मोकळा सापडला तर नेम न चुकवणारा एक माणूस. अशा संघाला मीसुद्धा किडच घ्या म्हणेन. फक्त असे संघ विरळा, आणि बहुतेक मालकांच्या हाती येतो तो २००४ मधल्या फीनिक्ससारखा, २९ सामने जिंकलेला.